जुलाबाचं औषध चेहऱ्याला का दिलंय? रोझेशियाच्या चिठ्ठीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात रोझेशियाबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. गाल, नाक, कपाळ, हनुवटी सारखी लाल होतात, तापतात, वर बारीक लाल फोड येतात आणि लोक त्याला पिंपल्स समजून काहीबाही लावत बसतात, एवढंच लिहिलं होतं. त्यावर ढीगभर पत्रं आली, आणि बहुतेकांनी आजाराबद्दल नाही तर चिठ्ठीबद्दल विचारलंय. कारण या आजाराच्या चिठ्ठीवर जी नावं असतात ती आपल्याला आधीच कशासाठी तरी माहीत असतात, एक जुलाबाचं, एक जंताचं, एक लेप्टोचं म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाचं, एक काचबिंदूचं. माणूस घरी जाऊन मोबाईलवर नाव टाकतो, भलतंच काही वाचतो, घाबरतो आणि ट्यूब कपाटात पडून राहते. मी 22 वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, हे रोज बघते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तुमचा डोस बदलणं माझं काम नाही आणि मी ते करणारही नाही, पण चिठ्ठीवर काय लिहिलंय आणि ते का लिहिलंय हे नक्की सांगू शकते.

प्रश्न : ताई, माझं वय 47. वर्षभर गाल आणि नाक लाल असतं, गॅससमोर उभी राहिले की चेहऱ्याची आग आग होते. त्वचेच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल जेल 0.75 टक्के, सकाळ-संध्याकाळ लावायला दिलंय. पण हे तर जुलाबाचं औषध ना? आमच्याकडे त्याच्या गोळ्या घरात कायम असतात. 15 दिवस लावलं, फोड जरा कमी वाटतात पण लाली आहे तिथेच आहे. बंद करू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बंद करू नका हो, तुम्ही अगदी बरोबर वाटेवर आहात आणि तुमच्याच पत्रात ते लिहिलंय, फोड कमी झालेत.

औषध तेच आहे, जुलाबाचं. पोटात ते जंतू मारायला देतात. चेहऱ्यावर मात्र त्याचं काम वेगळं, तिथे ते सूज आणि दाह कमी करतं. हे काही आपल्या डॉक्टरांनी आत्ता काढलेलं नाही, अमेरिकेत 1988 मधे रोझेशियासाठी या जेलला मान्यता मिळाली, म्हणजे तेव्हापासून लोक लावतायत. आणि गोळी पोटात जाते तसं जेल रक्तात फारसं जात नाही, अगदी थोडं जातं, त्यामुळे गोळीने तोंड कडू होतं, मळमळतं, तसली भीती धरायचं कारण नाही.

आता लालीचं. ही एक गोष्ट मला सगळ्यांनाच समजावून सांगायची आहे, कारण निम्मी औषधं लोक इथेच सोडतात. रोझेशियाच्या चेहऱ्यावर तीन वेगवेगळे प्रकार एकत्र नांदत असतात. एक म्हणजे फोड आणि सूज. दुसरी लाली, म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून राहतात ती. तिसरं म्हणजे नाकाच्या कडेला, गालावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक लाल रेघा, त्या रक्तवाहिन्या कायमच्याच रुंद झालेल्या असतात. मेट्रोनिडाझोल, अ‍ॅझेलेक अ‍ॅसिड, आयव्हरमेक्टिनचं क्रीम ही तिन्ही मुख्यतः पहिल्यासाठी. फोड बसले की त्यांच्या आजूबाजूची लाली थोडी उतरते, पण मूळची लाली बरीचशी राहते आणि रेघांना तर कुठलंच क्रीम घालवत नाही, त्याला लेसर किंवा आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत देऊन करायचा उपचार, लागतं. म्हणजे जेल कमी पडलं असं नाही, ते ज्या कामाला ठेवलंय ते काम करतंय. लालीचं काय करायचं हे पुढच्या वेळी डॉक्टरांना वेगळं विचारा, असं सरळ विचारा की फोड बसतायत पण लालीसाठी काही आहे का.

पुरता परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. जिथे फोड दिसतो तिथेच टिपका लावू नका, ज्या भागावर त्रास होतो त्या सगळ्या भागावर पातळ थर लावायचा, डोळ्यांपासून लांब. आधी साध्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, बेसन, मुलतानी माती, लिंबू, स्क्रब, पार्लरमधली वाफ हे सगळं बंद. दिवसा जेल वाळलं की वर सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, शक्यतो झिंक ऑक्साइडवालं, ते चुरचुरत नाही.

आणि एक, ट्यूब घेताना पूर्ण नाव वाचा. गेल्या वर्षी एक ताई माझ्याकडे आल्या, दीड महिना लावतेय काही फरक नाही म्हणाल्या. ट्यूब बघितली तर मेट्रोनिडाझोल होतं पण सोबत क्लोरहेक्सिडीन, म्हणजे हिरड्यांना लावायचं जेल! मोबाईलवर फोटो दाखवून दुसरीकडून आणलेलं, देणाऱ्याने मोठ्या अक्षरातलं नाव बघितलं आणि दिलं. या औषधाची हिरड्यांची जेल वेगळी, बायकांच्या इन्फेक्शनची वेगळी, त्वचेची वेगळी. चिठ्ठी सोबत न्या.

गॅससमोरचं तुम्ही स्वतःच ओळखलंय, उष्णतेने चेहरा भडकतो. चहासुद्धा सोडायची गरज नाही, त्यात त्रास चहाच्या पानापेक्षा उकळत्या गरमपणाचा असतो, कोमट करून प्या.

प्रश्न : मी 54 वर्षांचा, शेती आहे, दिवसभर उन्हात असतो. नाकावर आणि गालावर फोड आले, डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली. ही तर आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोसाठी आरोग्य केंद्रातून वाटतात ती गोळी. मला लेप्टो झालाय आणि डॉक्टर सांगत नाहीत असं मंडळींना वाटतंय. शिवाय ती घेतल्यापासून छातीत इतकं जळजळतं की रात्री जागा असतो, त्यावर अँटासिड घेतो. काय करावं?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : दादा, आधी घरच्यांना सांगा, लेप्टो नाही. गोळी तीच, काम वेगळं. लेप्टोला ती जंतूवर चालते. रोझेशियात तिचा दुसरा गुण वापरतात, ती दाह शमवते. ही गोष्ट इतकी खरी आहे की परदेशात यासाठी खास 40 मिलिग्रॅमची कॅप्सूल निघाली, 30 लगेच सुटतात आणि 10 सावकाश, अमेरिकेत 2006 मधे आली. तेवढ्या डोसने जंतू मरतच नाहीत, तरी फोड बसतात. आपल्याकडे बरेच डॉक्टर 100 मिलिग्रॅमची देतात, काही आठवडे देतात आणि मग नुसत्या क्रीमवर ठेवतात.

आता जळजळीचं. तुम्ही लिहिलेलं नाही पण मी सांगते तुम्ही काय करताय, रात्री जेवून अंथरुणावर बसून घोटभर पाण्याबरोबर गोळी टाकता आणि आडवे होता. बरोबर? काउंटरवर मी दहातल्या सात-आठ जणांकडून हेच ऐकते. ही गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथेच विरघळते आणि आतली नाजूक कातडी अक्षरशः भाजते, कधी कधी जखम होते, मग पाणी गिळतानाही दुखतं. म्हणून ती मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, बसून किंवा उभं राहून, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तुम्ही डॉक्टरांना विचारून रात्रीची सकाळच्या न्याहारीनंतर करून घ्या. आणि गिळताना दुखतंय किंवा घास अडकतोय असं वाटलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आणि त्यावरचं अँटासिड! त्यातलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम या गोळीला पकडून ठेवतं, ती रक्तात नीट जातच नाही. म्हणजे गोळीने जळजळ, जळजळीला अँटासिड, आणि अँटासिडमुळे गोळी वाया, असं चक्र चाललंय तुमचं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, आणि ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका. गोळी नीट घ्यायला लागलात की अँटासिडची गरजच बहुधा राहणार नाही, तरी चार दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं ऊन. एक तर उन्हाने रोझेशिया भडकतो, त्यात ही गोळी चालू असताना कातडी उन्हाला जास्त हळवी होते, नेहमीच्या उन्हातही भाजल्यासारखी होते. शेतीची कामं सोडा असं मी म्हणणार नाही, ते होणार नाही. पण रुंद काठाची टोपी, नुसतं टॉवेल गुंडाळणं नाही, आणि जमेल तेवढं काम सकाळी 10 च्या आत. पावसाळ्यात आरोग्य केंद्रातून लेप्टोची गोळी वाटायला आले तर त्यांना सांगा की मला ही आधीच चालू आहे, दोन्ही एकदम घेऊ नका.

प्रश्न : ताई मी 23 वर्षांची आहे. कॉलेजमधल्या मैत्रिणीने एक क्रीम सांगितलं होतं, गोरं होण्यासाठी, मेडिकलमधून असंच मिळालं. पहिले दोन महिने चेहरा इतका छान झाला की सगळे विचारायचे. मग नाही लावलं तर लाल व्हायला लागलं म्हणून रोज लावत गेले, आठ महिने. आता डॉक्टर म्हणतात त्यामुळे रोझेशियासारखं झालंय, क्रीम बंद केलं आणि चेहरा आधीपेक्षा भयंकर झालाय, सुजलाय, आग होते, मी घराबाहेर पडत नाही. त्यांनी टॅक्रोलिमस मलम दिलंय, ते किडनी ट्रान्सप्लांटचं औषध आहे असं वाचलं. मला परत जुनं क्रीम लावावंसं वाटतंय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : बाळा, जुनं क्रीम लावू नकोस. मला माहीत आहे की तू आत्ता लावलंस तर उद्या सकाळी चेहरा शांत दिसेल, आणि त्यातच तर सगळा धोका आहे.

तुझ्या त्या ट्यूबवर बारीक अक्षरात बघ, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काहीतरी असेल, म्हणजे स्टेरॉइड. बहुतेक सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असेल, हे त्रिकूट वांगासाठी काही आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळतं म्हणून चेहरा पांढरा, छान दिसतो. पण रोज लावत राहिलं की कातडी पातळ होत जाते, रक्तवाहिन्या त्याच्याशिवाय राहायला विसरतात, आणि क्रीम थांबवलं की सगळ्या एकदम फुगतात. आत्ता जे होतंय ते हेच आहे. हा तुझा मूळ चेहरा नाही आणि औषध उलटलंय असंही नाही, सवय सुटतानाचा त्रास आहे. काहींना तो काही आठवडे होतो, काहींना काही महिने, आठ महिने लावलंय म्हटल्यावर लगेच उतरेल असं मी तुला खोटं सांगणार नाही, पण उतरतो. माझ्याकडे येणाऱ्या मुली बघितल्यात मी, चौथ्या-पाचव्या महिन्यात हसत येतात.

टॅक्रोलिमसच्या गोळ्या ट्रान्सप्लांटवाल्यांना देतात हे खरं आहे, शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून. मलमात ते 0.03 किंवा 0.1 टक्के असतं, कातडीतून रक्तात फारच कमी जातं. तुला ते दिलंय कारण दाह ते कमी करतं पण कातडी पातळ करत नाही, म्हणजे जे स्टेरॉइडने बिघडवलं ते आणखी बिघडत नाही. पहिले काही दिवस लावल्यावर चुरचुरतं, गरम गरम वाटतं, ते बहुतेकांना होतं आणि आठवड्याभरात कमी होतं. अंग ओलं असताना लावू नकोस, तोंड धुतल्यावर 20 मिनिटं थांब, त्याने आग बरीच कमी लागते. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर फ्रिजमधे ठेव आणि आग झाली की ते लाव. मलम किती आठवडे लावायचं हे डॉक्टरांकडून लिहून घे आणि त्यापुढे आपणहून चालू ठेवू नकोस. खूपच सहन होत नसेल तर त्यांना तसं सांग, काही वेळा ते जुनं स्टेरॉइड एकदम न तोडता हलक्यावर आणून मग बंद करतात, पण ते त्यांनी ठरवायचं, तू घरी नाही.

तुला ते क्रीम ज्याने चिठ्ठीशिवाय दिलं त्याचा मला मनापासून राग येतो. 2018 मधे सरकारने स्टेरॉइडची क्रीमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं केलं, ट्यूबवर आरएक्स आणि लाल उभी रेघ त्यासाठीच असते. तरी रोज कुणीतरी काउंटरवर येऊन म्हणतं, ताई ते गोरं करायचं क्रीम द्या, आणि नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातं. तुझ्या त्या मैत्रिणीला आजच फोन कर. तीसुद्धा लावत असेल तर तिनेही एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

प्रश्न : मी 12 वर्षं मँचेस्टरजवळ राहते. इथे मला आयव्हरमेक्टिन 1 टक्का क्रीम दिलंय. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली अगं ते कोविडमधे वाटत होते ते, गुरांना जंतासाठी देतात ते. शिवाय डिसेंबरमधे भावाच्या लग्नाला पुण्याला येणार, त्या दिवशी चेहरा लाल नको म्हणून डॉक्टरांनी ब्रिमोनिडीन जेलही दिलंय, ते लग्नाच्या दिवशी सकाळी लावलं तर चालेल का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : आईचं चूक नाही, औषध तेच आहे. पण माणसांनाही ते कितीतरी वर्षं जंत आणि खरजेसाठी देतातच, आणि ते शोधणाऱ्यांना 2015 चं नोबेल मिळालं. चेहऱ्यावर का, तर आपल्या सगळ्यांच्याच केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात, एरवी निरुपद्रवी. रोझेशिया असलेल्यांच्या चेहऱ्यावर ते जास्त सापडतात. क्रीम त्यांना मारतं आणि दाहही कमी करतं. दिवसातून एकदाच, कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल या पाच ठिकाणी वाटाण्याएवढं एकेक आणि मग पातळ पसरायचं. पहिल्या काही आठवड्यांत थोडं भडकल्यासारखं वाटू शकतं. लग्न डिसेंबरात असेल तर आत्तापासून नेमाने लावा, फोडांना 12 आठवडे द्या.

ब्रिमोनिडीनचं मात्र थांबा! लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा अजिबात लावू नका. ते रक्तवाहिन्या आवळतं, अर्ध्या तासात लाली उतरायला लागते आणि तो परिणाम साधारण 12 तासांपर्यंत टिकतो. ऐकायला जादू वाटते. पण ते फोडांवर काहीच करत नाही, आणि काही जणांना असर उतरताना लाली उलट दुप्पट होऊन येते, कधी कधी तर लावल्यावर काही तासांतच. सकाळी हळदीला लावलं आणि संध्याकाळी रिसेप्शनला चेहरा बीटासारखा, असं व्हायला नको. आत्ता एखाद्या सुट्टीच्या दिवशी गालाच्या छोट्याशा भागावर लावून दिवसभर बघा, मग आठवड्याभराने पूर्ण चेहऱ्यावर. ठीक वाटलं तरच लग्नाला. डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

इथे महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी, ब्रिमोनिडीन आपल्याकडे मेडिकलमधे काचबिंदूचे ड्रॉप्स म्हणून सर्रास मिळतं. ते चेहऱ्याला लावायचा उद्योग करू नका, नाकात घालायचे ऑक्सिमेटाझोलिनचे ड्रॉप्सही नाही. दोन्ही औषधं रोझेशियाच्या लालीवर वापरतात हे खरं, पण ती वेगळ्या ताकदीची, चेहऱ्यासाठी बनवलेली.

प्रश्न : मला तिसरा महिना चालू आहे. रोझेशियासाठी डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझेलेक अ‍ॅसिड क्रीम चालू होतं. दोन्ही चालू ठेवू का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : डॉक्सीसायक्लिनची पुढची गोळी घेऊ नका, आजच तुमच्या गायनॅकला आणि त्वचेच्या डॉक्टरांना दोघांनाही फोन करा. चौथ्या महिन्यापासून पुढे तर ती बाळाच्या दातांवर आणि हाडांवर बसते. आत्तापर्यंत घेतली म्हणून घाबरून जाऊ नका, फक्त लपवू नका, त्यांना तारखा सांगा. अ‍ॅझेलेक अ‍ॅसिड गरोदरपणात चालणाऱ्यांपैकी आहे, पण तेही त्यांच्या कानावर घालून. चुरचुरतं ते सुरुवातीला, आधी मॉइश्चरायझर लावून वरून लावलं तर बरं पडतं.

याच निमित्ताने सांगते, हट्टी रोझेशियाला कधी कधी कमी डोसची आयसोट्रेटिनॉइन देतात. ती गरोदरपणात कधीच नाही, एकही गोळी नाही, बाळात गंभीर व्यंग येतं. गोळी बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि ती आणि डॉक्सीसायक्लिन एकत्र घ्यायची नसते, डोक्यातला दाब वाढू शकतो. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर दोन्ही एकाच काउंटरवर ठेवा, आम्ही बघतो.

प्रश्न : चेहरा आता बरा आहे पण डोळ्यात सारखी वाळू गेल्यासारखी खुपते, पापण्यांच्या कडा लाल, रांजणवाडी परत परत येते. चष्म्याचा नंबर तपासला, बदललेला नाही. याचा चेहऱ्याशी काही संबंध असेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : असू शकतो, आणि विचारलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक जण डोळ्याच्या डॉक्टरांना चेहऱ्याचं सांगतच नाहीत. रोझेशिया डोळ्यांतही येतो, पापण्यांच्या कडेच्या तेलाच्या ग्रंथी तुंबतात. डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा आणि चेहऱ्याची जुनी चिठ्ठी सोबत न्या. ते बहुधा कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स आणि पापण्यांना शेक सांगतील, स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर 5 ते 10 मिनिटं, मग कडा हलक्या हाताने पुसायच्या, रोज. गरज लागली तर तीच आपली डॉक्सीसायक्लिन. चेहऱ्याला शेक नको पण पापण्यांना हवा, म्हणून फडकं गालावर पसरू देऊ नका. घरात पडलेले जुने स्टेरॉइडचे ड्रॉप्स घालू नका. आणि डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा दिसायला अंधुक झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.